गिल्डाचा उसना गळा

जुन्या फिल्म न्वारचा विषय निघाला की आपल्याकडच्या चित्रपटवेड्यांच्या बैठकीत निकाल ठरलेला असतो. न्वार हा अस्सल अमेरिकन माल. १९४१च्या ‘द माल्टीज फाल्कन’ला सुरू झाला, १९५८च्या ‘टच ऑफ ईव्हल’ला आटोपला. त्याआधी युरोपात जे झालं ती पूर्वतयारी आणि नंतर जगात जे झालं ती नक्कल. मुंबईचा नंबर तर नकलांच्या रांगेतही शेवटचा. तिथे देव आनंद टोपी तिरकी करून अंधारातून येतो, सावली भिंतीवर चढते, आता काहीतरी वाईट घडणार म्हणून प्रेक्षक सरसावून बसतो आणि नेमकं तेव्हाच गाणं सुरू होतं. मग हसायचं आणि ‘डबल इन्डेम्निटी’ पुन्हा एकदा लावायचा.

‘डबल इन्डेम्निटी’ शंभरदा लावावा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या निकालातल्या कच्च्या हिशेबाबद्दल.

निकालामागे वजनदार नावं आहेत हे आधी मान्य करायला हवं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ लिहिण्याच्या आधी, १९७२ साली, पॉल श्रेडरने न्वारवर एक टिपणवजा निबंध लिहिला. वरच्या दोन सनावळ्या त्यातल्याच. १९७९ साली अ‍ॅलन सिल्व्हर आणि एलिझाबेथ वॉर्ड यांचा जाडजूड कोश आला. वेस्टर्नप्रमाणेच न्वार हाही अमेरिकेच्या मातीतला प्रकार, ही त्या कोशाची भूमिका. दोन्ही कामं मोलाची. श्रेडरने तर जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या मंडळींचं देणं मोकळेपणाने मोजलं आहे. पण पुढच्या लोकांनी निबंध बाजूला ठेवला आणि सनावळ्या तेवढ्या पाठ केल्या.

या चित्रपटांची एक जात आहे हे ठळकपणे म्हटलं गेलं ते पॅरिसमध्ये. जर्मन ताब्याच्या वर्षांत फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणं बंद होतं. १९४६च्या उन्हाळ्यात ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘द वुमन इन द विंडो’ एकापाठोपाठ येऊन आदळले आणि नीनो फ्रांक या समीक्षकाने या लाटेवर लेख लिहिला. हॉलिवूडमधली मंडळी तेव्हा यांना सरळ मेलोड्रामा किंवा गुन्हेपट म्हणत होती. पॅरिसच्या डोळ्यांना त्यात वेगळं काही दिसलं, कारण ते डोळे आधीच तयार होते. जाँ गाबँ या फ्रेंच नटाने ते तयार केले होते.

१९३७चा ‘पेपे ल मोको’, १९३८चे ‘ल के दे ब्रूम’ आणि ‘ला बेत युमेन’, १९३९चा ‘ल जूर स लेव्ह’. चारही चित्रपटांत गाबँ आणि चारही वेळा तो शेवटी मरतो. शेवटचा चित्रपट ज्याने पाहिला नाही त्याने न्वारच्या जन्मतारखेवर बोलूच नये. गाबँ एक साधा कारखाना-कामगार. चित्रपट सुरू होतो तेव्हा त्याने एका माणसाला गोळी घातलेली आहे आणि एका उंच इमारतीच्या अगदी वरच्या खोलीत त्याने स्वतःला कोंडून घेतलं आहे. कपाट ढकलून दाराला लावलेलं, खाली चौकात जमलेली माणसं, पोलिसांच्या गोळ्यांनी भोकं पडलेली काच. रात्रभर तो सिगरेटी ओढत आठवत राहतो आणि त्या आठवणींतून खुनाची गोष्ट आपल्याला कळते. माणूस संपलेला आहे हे पहिल्या काही मिनिटांतच माहीत; उरतं ते फक्त कसा संपला एवढंच. ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये जखमी विमा एजंट रात्री ऑफिसात बसून आपली कबुली यंत्रावर बोलून ठेवतो, ती पाच वर्षांनंतरची गोष्ट.

हॉलिवूडला हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. आरकेओ कंपनीने ‘ल जूर स लेव्ह’चे हक्क घेतले, १९४७ साली हेन्री फोंडाला घेऊन ‘द लाँग नाइट’ या नावाने तो पुन्हा केला आणि मूळ फ्रेंच चित्रपटाच्या मिळतील तेवढ्या प्रती ताब्यात घेऊन नष्ट करायचा उद्योग मांडला. सुदैवाने तो पुरता साधला नाही. एमजीएमने १९४०च्या ब्रिटिश ‘गॅसलाइट’च्या बाबतीत हेच केलं होतं, कारण त्यांना १९४४ साली इन्ग्रिड बर्गमनचा ‘गॅसलाइट’ आणायचा होता. प्रती नष्ट कराव्याशा वाटतात त्या पूर्वतयारीच्या नव्हेत, प्रतिस्पर्ध्याच्या.

बाकी व्यवहार उघडपणे चालू होताच. ‘पेपे ल मोको’चा ‘अल्जीयर्स’ पुढच्याच वर्षी तयार झाला. फ्रेंच दिग्दर्शक रेनोआरच्या ‘ला शिएन’वरून फ्रिट्झ लँगने ‘स्कार्लेट स्ट्रीट’ केला आणि रेनोआरच्याच ‘ला बेत युमेन’वरून ‘ह्यूमन डिझायर’. क्लूझोच्या ‘ल कोर्बो’चा ऑटो प्रेमिंजरने ‘द थर्टीन्थ लेटर’ केला. न्वारच्या कुठल्याही यादीत लँगचे हे दोन चित्रपट अमेरिकन अभिजात म्हणून मानाने बसलेले असतात आणि रेनोआर ‘प्रभाव’ या सदरात कोपऱ्यात.

इथे समोरची बाजू हुकमाचं पान काढते. चित्रं, प्रकाश, मूड युरोपचा असेल; गोष्ट मात्र अमेरिकेची ना? हॅमेट, चँडलर, जेम्स केन यांच्या त्या कोरड्या, टणक भाषेतल्या कादंबऱ्या नसत्या तर न्वार कशावर उभा राहिला असता?

बरं, केनचंच घेऊ. ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ १९३४ची. एमजीएमने हक्क घेऊन ठेवले, पण हॉलिवूडच्या नीतिसंहितेपुढे व्यभिचार आणि नवऱ्याचा खून पडद्यावर आणायची हिंमत व्हायला १९४६ साल उजाडलं. तोवर ही अमेरिकन कादंबरी दोनदा चित्रपट होऊन गेली होती. फ्रान्समध्ये १९३९ साली प्येर शनालने ‘ल दर्निए तूर्नाँ’ केला. इटलीत १९४३ साली, मुसोलिनीचं राज्य असताना, लुकिनो व्हिस्कोन्तीने ‘ओसेसिओने’ केला. कादंबरीचा फ्रेंच तर्जुमा त्याला रेनोआरने दिला होता. हक्कबिक्क काही नव्हते. फॅसिस्टांनी चित्रपटावर राग काढला, व्हिस्कोन्तीने एक निगेटिव्ह जपून ठेवली म्हणून तो आज पाहायला मिळतो. आणि काय पाहायला मिळतं? पो नदीकाठचा रणरणता, धुळीचा रस्ता, ट्रकमधून उतरणारा घामट भटक्या, खानावळीच्या स्वयंपाकघरात उष्ट्या भांड्यांच्या ढिगाऱ्यात कंटाळून गेलेली बाई. एमजीएमच्या चित्रपटात लाना टर्नर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, इस्त्रीची घडी न मोडता वावरते. तिला बघून नवऱ्याचा खून करावासा वाटणं समजू शकतं. व्हिस्कोन्तीच्या क्लारा कलामाईला बघून खून का होतो ते समजतं.

या ‘ओसेसिओने’च्या लेखकांपैकी एक ज्युसेप्पे दे सान्तिस. त्याने पुढे १९४९ साली ‘बिटर राइस’ केला. भातशेतीत रोजंदारीवर राबणाऱ्या बायका, त्यांच्यात लपलेला चोर आणि त्याच्या मागे वेडी होणारी एक पोर. आणि गुरुदत्तच्या १९५२च्या ‘जाल’वर ‘बिटर राइस’ची छाया आहे हे त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी केव्हाच नोंदवलं आहे. भातशेतीच्या जागी पश्चिम किनाऱ्यावरचं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव, चोराच्या जागी सोन्याचा स्मगलर. म्हणजे केनपासून निघालेली वाट रोमवरून मुंबईला आली, आणि वाटेत हॉलिवूड लागलंच नाही! ‘जाल’ला हॉलिवूडची नक्कल म्हणणाऱ्यांनी निदान नक्कल कुणाची एवढं तरी नीट तपासावं.

पण सगळ्यात आवडता आरोप ‘बाजी’वर असतो. १९५१चा, गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. पटकथा बलराज साहनी यांची. जुगारी नायक, क्लब, क्लबचा मालक, क्लबातली नाचणारी बाई: हा सरळसरळ १९४६चा ‘गिल्डा’ आहे, असं म्हटलं जातं. ‘गिल्डा’ डोळ्यांसमोर होता हे नाकारायचं कारण नाही. पण मग ‘गिल्डा’चीही झडती घेऊ. दिग्दर्शक चार्ल्स व्हिडॉर, जन्म बुडापेस्ट. छायालेखक रुडॉल्फ माते, जन्म क्राकुव्ह. १९२८ साली ड्रायरच्या ‘जोन ऑफ आर्क’मधले ते उघडेबोडके, काळीज चिरणारे चेहरे टिपणारा हाच. गोष्ट घडते ब्वेनोस आयरेसमध्ये. आणि रिटा हेवर्थ लांब हातमोजा काढत काढत जे गाणं गाते, ज्याच्या जोरावर चित्रपट अजरामर झाला, त्यातला गळा तिचा नाही. तो अनिता एलिसचा. पार्श्वगायन!

यावर थोडं थांबायला हवं. ‘बाजी’मध्ये गीता बाली गिटार घेऊन जुगाऱ्याला डाव लावायचं आव्हान देते, तेव्हा आवाज गीता रॉयचा असतो, नंतरच्या गीता दत्तचा. तेव्हा आपले समीक्षक म्हणतात की हिंदी चित्रपटाचा कृत्रिमपणा न्वारला मारतो. गिल्डाचा गळा उसना निघाला तर मात्र ती त्या चित्रपटाची जादू. हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

आणि गाणं काय करतं ते तरी पाहावं. ते आव्हानाचं गाणं सुरू होतं तेव्हा नायक मदन अजून कुंपणावर आहे. बहिणीला क्षय, उपचाराला पैसा नाही, हातात पत्त्यांचं कसब. क्लबातल्या त्या नोकरीला हो म्हणायचं की नाही हे ठरायचंय. गीता बाली ज्या पद्धतीने ते गाते त्यात मोह आहे, चेष्टा आहे आणि जरा कीवही आहे. साहिरचे शब्द गझलच्या घाटाचे, सचिनदेव बर्मनची चाल पाश्चात्य ठेक्याची. माणूस घसरण्याचा क्षण आहे तो, आणि दुसऱ्या कुठल्या चित्रपटात त्यासाठी पाच मिनिटांचे संवाद लागले असते. चित्रपटाच्या उत्तरार्धात तीच गीता बाली, म्हणजे लीना, क्लबात नाचता नाचता, सगळ्यांच्या देखत, मदनला त्याच्या जिवावर बेतलंय हे गाण्यातूनच सुचवते. लोक टाळ्या देत असतात. धोका फक्त दोघांना कळलेला असतो. हिचकॉकने हे केलं असतं तर त्याच्यावर प्रबंध झाले असते.

राज खोसलांच्या ‘सी.आय.डी.’मध्ये, १९५६ साली, वहिदा रहमान नायकाला निसटायला वेळ मिळावा म्हणून खलनायकाची नजर स्वतःवर खिळवून ठेवायला गाते. तिचे डोळे त्याच्याकडे, इशारा दुसरीकडे. ‘जाल’मध्ये तर देव आनंदचं चांदण्या रात्रीचं गाणं हेच जाळं. हेमंतकुमारच्या त्या मऊ आवाजाने ओढली जाऊन गीता बाली अंधारात निघते, आणि गाणारा माणूस चांगला नाही हे प्रेक्षकाला माहीत असतं. गोड वाटणारी गोष्ट घातक असणं हा न्वारचा प्राण असेल, तर या गाण्यापेक्षा जास्त न्वार दुसरं काय असतं? हॉलिवूडमध्ये हे काम बहुतेकदा पडद्याआडून बोलणाऱ्या नायकाच्या आवाजाने केलं. मुंबईने ते गाण्याकडे सोपवलं. ज्याच्या घरी जे हत्यार, त्याने ते चालवावं.

१९५०च्या दशकातले सगळे हिंदी गुन्हेपट डोक्यावर घ्या असं यात कुठे म्हटलेलं नाही. कित्येक चित्रपट आळशी आहेत. विनोदवीराचा तुकडा कथेला ठिगळासारखा चिकटवलेला, शेवटी कोर्टात न्यायाधीशाने पाजलेला उपदेश, मध्येच घुसवलेला हिल स्टेशनचा रोमान्स. ‘सी.आय.डी.’चाही मधला भाग पातळ आहे. पण आळशी चित्रपट अमेरिकेतही ढिगाने निघाले. त्यांच्यातले चांगले तेवढे मोजायचे आणि आपल्यातले वाईट तेवढे, असा हिशेब चालत नाही.

सुखान्ताची हरकत अशीच पोकळ. ‘बाजी’ गोड शेवट करतो म्हणून तो न्वार नाही, असं एक सोवळं मत आहे. पॅरिसला १९४६ साली ज्या पाच चित्रपटांवरून सगळं सुरू झालं त्यातला ‘द वुमन इन द विंडो’ आठवावा. एडवर्ड रॉबिन्सनच्या हातून खून होतो, प्रेत जंगलात टाकलं जातं, ब्लॅकमेलर गळ्याशी येतो, रॉबिन्सन विष घेतो आणि क्लबातल्या खुर्चीत जागा होतो. स्वप्न होतं! खाडकन जाग येऊन सुटलेला नायक ज्या परंपरेच्या पायाशी बसला आहे तिने ‘बाजी’ला शेवटावरून नापास करू नये.

आता प्रकाशाबद्दल. हॉलिवूडमधला न्वारचा प्रकाश हा जर्मनीतून पळून आलेल्यांनी नेला, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे: लँग, सिओडमाक, वाइल्डर, प्रेमिंजर. पण त्याच दशकात तोच प्रकाश मालाडलाही उतरला होता, हे सांगायला कुणी धजत नाही. १९३४ साली हिमांशू राय यांनी बॉम्बे टॉकीज उभारली तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग म्युनिकहून आले. स्टुडिओचा पहिला चित्रपट, १९३५चा ‘जवानी की हवा’, ही रेल्वेगाडीत घडणारी खुनाची गोष्ट होती. माल्टाच्या ससाण्याला अजून सहा वर्षं होती. (लॉस एंजेलिसला पोचलेले बहुतेक जण नाझींच्या तावडीतून सुटलेले होते आणि मालाडचा ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता, ही इतिहासाची कडवट गंमत.) युद्धात इंग्रजांनी विर्शिंगला नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर त्याने १९४९ साली ‘महल’ टिपला. त्यातल्या जिन्यांवर, झोपाळ्यावर, झुंबरांखाली प्रकाश जसा पडतो तो पाहून कुणाला हॉलिवूडची आठवण आली, तर दोघांचा मामा एकच आहे एवढंच त्याचं कारण.

पुण्यालाही हे वारं लागलं होतं. शांतारामबापू १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगाच्या खटाटोपात जर्मनीला गेले आणि परतल्यावर त्यांनी ‘अमृतमंथन’ केला. चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा त्यातलाच. १९३९च्या ‘माणूस’मध्ये जुगाराच्या अड्ड्यावरच्या धाडीतून मैनाला वाचवणारा पोलीस शिपाई गणपत हळूहळू तिच्या जगात ओढला जातो आणि शेवटी मैनाच्या हातून तिच्या मामाचा खून होतो. शांता हुबळीकर आणि शाहू मोडक. ‘माणूस’ला न्वार म्हणावं का? नको, ओढूनताणून कशाला. त्याची धडपड ‘देवदास’छाप रडगाण्याला उत्तर द्यायची होती, त्याचा कल जगण्याकडे आहे. पण पोलीस आणि वेश्या, चाळीतली चोरून गाठभेट, आणि कायद्याच्या माणसाची घसरण हे सगळं ‘ल जूर स लेव्ह’च्याच वर्षी मराठीत पडद्यावर आलं होतं, आणि प्रभातमध्ये उमेदवारी करायला पुढे १९४४ साली एक मुलगा येणार होता. त्याचं नाव गुरुदत्त. ‘बाजी’पूर्वी तो ज्ञान मुखर्जींच्याही हाताखाली राहिला. ते ज्ञान मुखर्जी १९४३च्या ‘किस्मत’चे, पाकीटमाराला नायक करणारे. ‘बाजी’चा नायक न्यूयॉर्कहून बोटीने उतरला असं समजायची काही गरज नाही.

सावल्यांविषयीचं प्रेम हे न्वार पाहण्यातलं दुसरं दुखणं. न्वार म्हणजे खिडकीच्या पट्ट्यांची जाळी, ओला रस्ता, धूर. या खुणा जमवून त्यांची पोस्टरं करणारे पुष्कळ आहेत. मुळात त्यातल्या कित्येक सावल्या गरजेपोटी आल्या. युद्धकाळात अमेरिकन सरकारने दर चित्रपटाला नव्या सेटच्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. भिंत नसेल तिथे अंधार ठेवला की भागतं. एडगर उल्मरच्या १९४५च्या ‘डिटूर’मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता बांधायला पैसा नव्हता, म्हणून धुकं सोडलं. ते धुकं आता कविता म्हणून शिकवलं जातं. शिकवावंही, पण मग ‘लीव्ह हर टू हेवन’चं काय करायचं? तो १९४५चा, झगझगीत टेक्निकलरमधला, भर दिवसा सरोवरात एका अपंग पोराला बुडू देणाऱ्या बाईचा. त्याला छायालेखनाचं ऑस्कर मिळालं.

आणि कुरोसावाच्या १९४९च्या ‘स्ट्रे डॉग’चं? तो उन्हाचा न्वार आहे. टोकियोच्या उकाड्यात माणसं रुमालाने मान पुसतात, पंखे नुसते गरम हवा ढवळतात, नाचणाऱ्या मुली कार्यक्रम संपल्यावर घामाघूम होऊन जमिनीवर पसरतात. तरुण डिटेक्टिव्ह मुराकामीचं पिस्तूल बसच्या गर्दीत मारलं जातं. त्यात सात गोळ्या. पिस्तुलाच्या शोधात तो भणंगाच्या वेशात काळ्या बाजारात हिंडतो; संवाद नाही, फक्त पाय, चेहरे, डोळे, टपऱ्या, पुन्हा पाय. ही दृश्यं मिळवायला सहायक इशिरो होंडा, म्हणजे पुढे ‘गॉडझिला’ करणारा, खऱ्याखुऱ्या बाजारात लपवलेला कॅमेरा घेऊन फिरला. शहर तेव्हा अमेरिकन फौजांच्या ताब्यात होतं. एकेक गोळी झडल्याची खबर येते तसा मुराकामी खचत जातो, कारण झडणारी प्रत्येक गोळी त्याचीच.

पिस्तूल ज्याच्या हाती पडलं तो युसा हाही लढाईवरून परतलेला शिपाई. दोघांचीही पाठपिशवी परतीच्या गाडीत चोरीला गेली होती. एक त्या रागातून चोर झाला, एक पोलीस. शेवटी दोघे गावाबाहेरच्या झाडीत चिखलात लोळतात, आणि चिखलाने माखल्यावर चोर कोण आणि शिपाई कोण हे ओळखू येत नाही. गोळी सुटते तेव्हा जवळच्या घरात एक बाई पियानोचा रियाज करत असते. थांबून खिडकीतून डोकावते आणि परत वाजवायला लागते. परतलेल्या सैनिकाची निराशा हा अमेरिकन न्वारचा खास विषय, असं म्हणणाऱ्यांनी हरलेल्या देशाच्या सैनिकाकडे एकदा पाहावं. जिंकलेल्यांना घर तरी होतं. आणि कुरोसावाने हा विषय आधी कादंबरीच्या रूपात लिहून काढला, तो हॅमेटच्या नव्हे, सिमेनाँच्या धर्तीवर.

लॅटिन अमेरिकेचा उल्लेख आपल्याकडे होतच नाही, कारण ते चित्रपट फार उशिरा मिळू लागले. मेक्सिकोत रोबेर्तो गावाल्दोनने १९४६ साली दोलोरेस देल रिओला जुळ्या बहिणींच्या भूमिकेत घेऊन ‘ला ओत्रा’ केला. त्याच गोष्टीवरचा बेटी डेव्हिसचा ‘डेड रिंगर’ आला तो १९६४ साली. पण मेक्सिकोपेक्षा अर्जेंटिनाचं उदाहरण जास्त बोलकं. लँगचा १९३१चा ‘एम’ सगळ्यांना माहीत: लहान मुलींचा खुनी, आणि त्याला पकडायला एकवटलेले पोलीस आणि गुन्हेगार. जोसेफ लोझीने १९५१ साली तो लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा केला. त्यानंतर दोन वर्षांनी ब्वेनोस आयरेसमध्ये रोमान व्हिन्योली बारेतोने ‘एल वाम्पिरो नेग्रो’ केला आणि कथेचा कोनच फिरवला. इथे केंद्रस्थानी आहे एक आई, क्लबात गाणारी. खुन्याला तिने पाहिलं आहे. पण बोलली तर ती कोण, कुठे काम करते हे उघड होऊन मुलीच्या वाट्याला बदनामी येणार. आणि तिच्याकडून साक्ष काढायला आलेला सभ्य सरकारी वकील तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर खुन्याच्या नजरेपेक्षा फार स्वच्छ नाही. लँगच्या चित्रपटात आया आहेत, पण शोक करायला. लोझीचा चित्रपट लँगच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो. नक्कल म्हणायचंच असेल तर अमेरिकेतल्या ‘एम’ला म्हणावं लागेल.

अमेरिकन न्वारच्या अंधाराचा सगळ्यात मोठा कारागीर म्हणून ज्याचं नाव घेतात तो जॉन आल्टनही याच वाटेवरचा. जन्म हंगेरीतल्या शोप्रोनचा, १९३०च्या दशकात कित्येक वर्षं अर्जेंटिनात चित्रपट टिपले, मग हॉलिवूडला परतून ‘टी-मेन’, ‘रॉ डील’ आणि ‘द बिग कॉम्बो’. एका दिव्यावर अख्खा प्रसंग उभा करायची त्याची ख्याती.

आणि शनाल? केनची कादंबरी जगात सगळ्यात आधी पडद्यावर आणणारा तो फ्रेंच दिग्दर्शक ज्यू होता. जर्मन आले तेव्हा पळून अर्जेंटिनाला गेला. तिथे त्याने १९५१ साली रिचर्ड राइटच्या ‘नेटिव्ह सन’वर ‘सान्ग्रे नेग्रा’ केला. शिकागोच्या काळ्या वस्तीतला बिगर टॉमस, हातून झालेला खून, छपरांवरून चाललेला पाठलाग, आणि पाठलाग करणाऱ्या आख्ख्या शहराचा वर्णद्वेष. अमेरिकेत हा चित्रपट त्याला हवा तसा करायला मिळणार नव्हता, म्हणून शिकागो ब्वेनोस आयरेसच्या स्टुडिओत उभारलं. विशीतल्या बिगरची भूमिका केली खुद्द राइटने, चाळिशी ओलांडल्यावर, आणि ते वय पडद्यावर लपत नाही. नट म्हणून तो अवघडलेला आहे, संवाद कधी कधी पाठ म्हटल्यासारखे येतात. तरी भीतीने पांढरा पडलेला त्याचा चेहरा एकदा पाहिला की कुठलाही कसलेला नट तिथे नकोसा वाटतो. अमेरिकेत दाखवताना चित्रपटाचा सुमारे अर्धा तास कापला गेला. लेखक अमेरिकन, दिग्दर्शक फ्रेंच, पैसा आणि स्टुडिओ अर्जेंटिनाचा, शहर शिकागो पण नकली, भीती मात्र अस्सल. १९४१ ते १९५८च्या कप्प्यात सालाने तो बरोबर बसतो. त्याला अमेरिकन म्हणायचं, परदेशी नक्कल म्हणायचं की आणखी काही, ते आता यादी सांभाळणाऱ्यांनीच सांगावं.